गतिमान देहाकृतीचे शिक्षण : सिन्नरच्या शिल्पांच्या अनुषंगाने

नाशिकहून पुण्यास जाणाऱ्या मार्गावर, नाशिकच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर सिन्नर वसलेले आहे. यादवांनी देवगिरीस राजधानी नेण्यापूर्वीच्या काळात हा परिसर त्या घराण्याच्या सत्तेचा गाभा होता. सेउणचंद्राने वसविलेले सेउणपूर आणि ताम्रपटांतून येणारे सिंदीनगर या दोहोंचा संबंध अभ्यासकांनी सिन्नरशी जोडला आहे. या वैभवाची साक्ष देणाऱ्या वास्तूंत गोंदेश्वराचे मंदिर अग्रगण्य होय. मध्यभागी शिवालय आणि चार कोपऱ्यांत उपदेवतांची लहान मंदिरे अशी त्याची पंचायतन मांडणी असून शिखर भूमिज पद्धतीचे आहे. हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या १९३१ सालच्या ग्रंथात त्याची दखल घेतली. तेव्हापासून या मंदिराचा अभ्यास मुख्यत्वे दोन अंगांनी होत आला. एक अंग वास्तुशास्त्राचे, म्हणजे तलविन्यास, शिखर व कालनिर्णय यांचे. दुसरे मूर्तिशास्त्राचे, म्हणजे कोणती देवता, कोणती आयुधे, कोणते वाहन यांचे.

या दोन्ही अंगांनी न सुटणारा एक तिसरा प्रश्न आहे. मंदिराच्या भिंतींवर व स्तंभांवर ज्या असंख्य लहान आकृती कोरलेल्या आहेत, त्या घडविणारा कारागीर हालचाल कोरण्यास कसा शिकला? मूर्तीचे लक्षण पाठ करता येते, आयुधांची यादी लक्षात ठेवता येते. परंतु देह चालतो आहे, वळतो आहे, झेपावतो आहे असा प्रत्यय पाषाणात आणण्याची विद्या यादीने साध्य होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही विद्या आणि तिच्या शिक्षणाची परंपरा हा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

स्थिर देहाचे चित्रण आणि गतिमान देहाचे चित्रण यांत केवळ श्रमाचा फरक नाही. बसलेल्या मनुष्यास समोर ठेवून त्याची आकृती कितीही वेळ न्याहाळता येते. उडी घेणारा मनुष्य उडीच्या मध्यावर थांबून राहू शकत नाही. त्यास एक पाय उचलून उभे केले, तर थोड्याच वेळात त्याच्या स्नायूंचा ताण बदलतो, तोल सावरण्यासाठी खांदे सरकतात, आणि चित्रकारासमोर उरतो तो उडी घेणारा मनुष्य नव्हे, कष्टाने तोल सांभाळणारा मनुष्य. म्हणून गती रेखाटू इच्छिणाऱ्यास निरीक्षणाखेरीज दुसरे काही साधन लागते. ते साधन कोणते, याचे उत्तर प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने दिले आहे. दख्खनच्या मध्ययुगीन परंपरेने दिलेल्या उत्तराचे तीन घटक दिसतात : सूत्र, स्थान आणि नृत्त.

सूत्र : भाराची रेषा

पहिला घटक सूत्राचा. शिल्पकार व चित्रकार आकृतीची आखणी करताना मस्तकापासून खाली सोडलेल्या एका उभ्या रेषेचा आधार घेत. तिला ब्रह्मसूत्र ही संज्ञा होती. समभंग आकृतीत हे सूत्र देहाचे दोन समान भाग पाडते व दोन्ही टाचांच्या मध्ये उतरते. आभंगात देह किंचित कलतो. त्रिभंगात मस्तक, धड व कटी ही तीन अंगे परस्परविरुद्ध दिशांनी झुकतात. अतिभंगात हेच कलणे पराकोटीस जाते; उग्र देवता, युद्ध व तांडव यांसाठी त्याचा उपयोग होतो.

या वर्गीकरणाकडे पुष्कळदा केवळ सौंदर्याचे संकेत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यामागे देहाचे यांत्रिक ज्ञान आहे. मनुष्य एका पायावर भार घेतो तेव्हा त्या बाजूची कटी वर उचलली जाते आणि तोल राखण्यासाठी त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. कंठापासून सोडलेला ओळंबा भार घेणाऱ्या पायाच्या टाचेजवळ पडला, तर देह स्थिर वाटतो. तो पायांच्या आधारक्षेत्राबाहेर पडला, तर पाहणाऱ्यास नकळत असे जाणवते की, आता दुसरा पाय पुढे पडलाच पाहिजे, अन्यथा हा देह कोसळेल. गतीचा प्रत्यय येतो तो येथून. हात किती पसरले किंवा वस्त्र किती फडफडले, यापेक्षा ओळंबा कोठे पडतो याने आकृतीची गती ठरते. त्रिभंगातील नर्तकी विश्रांत वाटते आणि एक पाय लांबवून उभा असलेला धनुर्धर हल्ल्याच्या क्षणी वाटतो, याचे कारण या रेषेत आहे.

स्थान : वळणारा देह

दुसरा घटक स्थानांचा. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा जो भाग आहे, त्यात समोरून दिसणाऱ्या ऋज्वागत स्थानापासून पाठमोऱ्या पृष्ठागतापर्यंत देहाची नऊ स्थाने सांगितली आहेत. त्यांच्या जोडीस क्षय व वृद्धी या कल्पना येतात. देह वळला की पाहणाऱ्यापासून दूर गेलेली बाजू आक्रसते व जवळ आलेली विस्तारते. हे आक्रसणे व विस्तारणे प्रमाणात बांधणे म्हणजे क्षयवृद्धी. स्टेला क्रामरिश यांच्या १९२४ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळे या भागाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले.

सिन्नरच्या दृष्टीने याहून निकटचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो रचला. पूर्वकालीन यादव याच घराण्याचे मांडलिक होते, आणि पाचव्या भिल्लमाने त्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र सत्ता स्थापन केली. म्हणजे मानसोल्लासातील चित्रविद्या ही सिन्नरच्या सत्ताधाऱ्यांच्या अधिराजांची, एकाच सांस्कृतिक मंडलातील विद्या होय. त्यात ब्रह्मसूत्राच्या दोहो बाजूंस पक्षसूत्रे कल्पिली आहेत. समोरासमोरच्या आकृतीत ही पक्षसूत्रे ब्रह्मसूत्रापासून समान अंतरावर असतात. देह जसजसा वळतो, तसतसे एका बाजूचे अंतर घटते व दुसऱ्या बाजूचे वाढते. हे अंतर अंगुलांत मोजावयाचे असते. वळलेल्या देहाचे जे दर्शन पाश्चात्त्य चित्रकाराने दृष्टिभ्रमाच्या भूमितीने साधले, ते येथे तीन दोऱ्यांच्या परस्पर अंतराने साधले आहे. या पद्धतीचा शिकाऊ कारागिराला होणारा लाभ उघड आहे. समोर मनुष्य उभा नसतानाही त्यास वळलेला देह आखता येतो, आणि भिंतीवरील शंभर आकृतींचे प्रमाण एकसारखे राहते.

नृत्त : दोन स्थितींमधील अंतर

सूत्र व स्थान यांनी आकृती तोललेली व वळलेली होते. तथापि ती जिवंत होईलच असे नाही. यासाठी परंपरेने तिसरा घटक मानला. विष्णुधर्मोत्तरात वज्र राजा मार्कंडेयाकडे मूर्तिविद्या मागतो, तेव्हा मार्कंडेय त्यास क्रमाने मागे नेतो : मूर्तीसाठी चित्र जाणले पाहिजे, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. हा संवाद अनेकदा भारतीय कलांच्या ऐक्याचे सुभाषित म्हणून उद्धृत होतो. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. तो अभ्यासक्रमाचा क्रम आहे. ज्याच्या देहाला किंवा दृष्टीला लय ठाऊक नाही, त्याला दोन स्थितींच्या मधला क्षण निवडता येत नाही, असे त्यात सुचविले आहे.

नाट्यशास्त्रातील करणांची कल्पना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. भरताने एकशेआठ करणे सांगितली. करण म्हणजे हात व पाय यांची एकत्रित नृत्तक्रिया. करणांच्या जोडणीने अंगहार तयार होतात. तेव्हा करण ही मुळात हालचाल आहे, मुद्रा नव्हे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकाच्या आरंभी करणांची मालिका कोरण्यास घेतली गेली. त्यातील एक्याऐंशी आकृती पूर्ण झाल्या व उरलेल्या शिला कोऱ्या राहिल्या. चिदंबरमच्या गोपुरांत करणाकृतींसह नाट्यशास्त्रातील श्लोकही कोरलेले आहेत. नर्तकी व संशोधिका पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी या शिल्पांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, प्रत्येक शिल्प एका हालचालीतील एक क्षण दाखविते आणि ती हालचाल पुन्हा उभी केल्याखेरीज शिल्पाचा अर्थ लागत नाही. शिल्पकाराची कसोटी येथे लागते. क्षण फार आधीचा निवडला, तर हालचाल सुरूच झालेली दिसत नाही. फार नंतरचा निवडला, तर ती संपलेली दिसते.

यादवांच्या राज्यात या विद्येची जोपासना झाली होती याचा पुरावा ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. दुसऱ्या सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात संगीतरत्नाकर रचला. त्याचा सातवा व अखेरचा अध्याय नर्तनाचा आहे. त्यात भरताच्या करणांबरोबर देशी करणांचाही विचार असून उत्प्लुती, म्हणजे उडीवर आधारलेल्या करणांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. जी गोष्ट समोर उभे राहून दाखविता येत नाही त्या उडीचे शास्त्रशुद्ध पृथक्करण सिन्नरच्याच राजवंशाच्या दरबारी झाले होते, ही घटना मंदिरांवरील नर्तकाकृतींचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

ग्रंथ आणि हात

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. पाथरवटाने मानसोल्लास वाचला होता काय? छिन्नी चालविणारा हात संस्कृत ग्रंथ उघडून बसत असे, असे मानण्याचे कारण नाही. कारागिराचे शिक्षण घरात व कामावर, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली होई. आधी दगड घडविणे, मग नक्षीचे पट्टे, मग लहान आकृती आणि शेवटी देवतामूर्ती, असा जबाबदारीचा चढता क्रम पारंपरिक शिल्पव्यवसायात स्वाभाविक होय. ग्रंथ हे या ज्ञानाचे उगमस्थान नसून त्याची नोंद होय, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. सोमेश्वराने दोऱ्या शोधून काढल्या नाहीत; चित्रकारांच्या हाती असलेल्या दोऱ्यांचे वर्णन त्याने केले.

हा भेद मान्य केला की शिल्पे स्वतःच पुराव्याच्या कोटीत येतात. स्तंभावरील आकृती लहान असतात. त्यांत चेहऱ्यावरील भाव दाखविण्यास जागा नसते, आणि मंडपातील अंधुक उजेडात ते दिसणारही नाहीत. म्हणून अर्थाचा सर्व भार देहाच्या बाह्यरेषेवर येतो. नर्तकी, वादक, योद्धा व उपासक हे एकमेकांपासून ओळखू येतात ते उभे राहण्याच्या, वाकण्याच्या व पाऊल टाकण्याच्या पद्धतीवरून. यादवकालीन मंदिरांच्या स्तंभशीर्षांवरील भारवाहक कीचक हे याचे सुबोध उदाहरण. त्याचे गुडघे वाकलेले, पोट पुढे आलेले, मान खांद्यांत गेलेली असते. छताचा भार खरोखर त्याच्यावर नसतो, तरी पाहणाऱ्यास तो जाणवतो. शतकानुशतकांच्या ऊनपावसाने पाषाणाकृतींची नाके व ओठ झिजून जातात, तरीही नर्तकी नर्तकी म्हणून कळत राहते. चेहरा गेल्यावरही जे उरते, तेच कारागिराने आधी आखले होते.

महाराष्ट्रात गावोगाव आढळणारे वीरगळ हीच गोष्ट अधिक साध्या भाषेत सांगतात. खालच्या चौकटीत मरून पडलेला वीर, तिच्यावर तोच लढताना, त्यावर अप्सरा त्यास स्वर्गी नेताना आणि वर तोच शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, अशी त्यांची रूढ रचना असते. एकच पुरुष चार अवस्थांत दाखवावयाचा, आणि तोही बहुधा सामान्य गावकारागिराने. निद्रिताच्या देहात चेतना व मृताच्या देहात तिचा अभाव दाखवू शकणारा तोच खरा चित्रज्ञ, असे विष्णुधर्मोत्तरात म्हटले आहे. वीरगळाच्या खालच्या चौकटीत ही कसोटी कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून कित्येकदा उतरलेली दिसते. पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांत पाय फाकून उभे असलेले योद्धे हे याच वळणाचे कागदावरील वारस होत. कथा सांगताना चित्र हातात धरून दुरून दाखवावयाचे असल्याने तेथेही चेहऱ्यापेक्षा पवित्र्याला महत्त्व आले.

चित्रशाळेतील खंड

एकोणिसाव्या शतकात या परंपरेशेजारी एक सर्वस्वी निराळी शिक्षणपद्धती उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन करणे हा तेथील अभ्यासाचा पाया होता. या पद्धतीने अवयवांची ठेवण, छायाप्रकाश व घनता यांचे काटेकोर ज्ञान दिले. परंतु प्रतिकृती हलत नाही, आणि पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९१९ नंतर, जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला जे महत्त्व आले, त्यातही मॉडेल स्थिरच बसत असे. सूत्र होते, स्थान होते. नृत्त अभ्यासक्रमाबाहेर पडले होते.

याच शाळेचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. सतराव्या लेण्यातील आकाशमार्गे जाणारा इंद्र त्यांच्यासमोर होता. त्याच्या अंगावरील अलंकार वेगाच्या उलट दिशेस झुकलेले आहेत. लाटा, ज्वाला, धूर व पताका वाऱ्याच्या वेगानुसार रेखाटणाऱ्याची विष्णुधर्मोत्तराने केलेली प्रशंसा तेथे प्रत्यक्ष दिसते. तथापि अजिंठ्याची प्रतिकृती करणे आणि अजिंठ्याच्या चित्रकाराने ज्या क्रमाने विद्या मिळविली तो क्रम आत्मसात करणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

हा खंड काही व्यक्तींनी आपापल्या मार्गाने भरून काढला. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत १८९६ साली घडविलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही नावाप्रमाणेच वाटेवर असलेली स्त्री आहे. प्लास्टर प्रतिकृतींच्या शिक्षणातून आलेले अवयवज्ञान आणि मराठी स्त्रीच्या चालण्याची ओळख यांचा तिच्यात संगम आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी शाळेबाहेरचा रस्ता ही आपली दुसरी शाळा केली. एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रे १९१२ साली प्रसिद्ध झाली; त्यांत व्यवसाय व जात चेहऱ्याइतकीच चालीवरून ओळखू येते.

त्याच सुमारास गतीच्या प्रश्नास यंत्राने नवे वळण दिले. मायब्रिज यांनी १८७८ साली धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, तेव्हा चारी पाय पुढेमागे ताणून धावणारा चित्रांतील घोडा वस्तुतः कधीच तसा धावत नाही असे सिद्ध झाले. मात्र खरा ठरलेला क्षण कागदावर पुष्कळदा गोठल्यासारखा दिसला, आणि खोटा ठरलेला घोडा धावतच राहिला. शिल्पकार रोदँ यांनी पॉल ग्सेल यांच्याशी झालेल्या व १९११ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांत याचे कारण सांगितले : कलाकार एकाच आकृतीत अनेक क्षण गुंफतो, एक भाग मागच्या क्षणात असतो व दुसरा पुढच्या. करणाकृतीचे मर्म हेच आहे. नाशिक जिल्ह्यातीलच त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले आणि मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी मटाराच्या रोपाची वाढ चौकटीमागून चौकट टिपली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. चित्रकाराला जो क्षण निवडावा लागे, तो निवडण्याची गरजच या माध्यमाने प्रथमदर्शनी दूर केली. परंतु पात्राने कसे उभे राहावे हा प्रश्न चित्रपटासही टळला नाही.

मार्कंडेयाच्या क्रमाचे सर्वांत स्पष्ट पुनरागमन मात्र चित्रकार कृष्ण हेब्बर यांच्या साधनेत दिसते. ते मुंबईच्या याच कलाशाळेत शिकले व पुढे तेथे शिकवीतही होते. रेषेत लय यावी म्हणून त्यांनी पंडित सुंदरप्रसाद यांच्याकडे कथ्थकचे शिक्षण घेतले. त्यांची नर्तकांची रेखाटने थोड्याच रेषांची आहेत. त्यांत स्नायू नाहीत, छाया नाही, तरी पदन्यास ऐकू येतो. शाळेने जे वगळले होते ते एका चित्रकाराने प्रौढ वयात, शाळेबाहेर जाऊन मिळविले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, गतिमान आकृतीचा प्रत्यय हा प्रतिभेचा गूढ प्रसाद नसून शिक्षणाचे फल आहे, आणि त्या शिक्षणात तीन गोष्टींची सांगड आवश्यक असते : भार कोठे पडतो याचे ज्ञान, देह वळला असता त्याचे प्रमाण कसे बदलते याचे ज्ञान, आणि हालचालीच्या ओघातील क्षण निवडण्याची लयबुद्धी. मध्ययुगीन दख्खनमध्ये ही तिन्ही अंगे एका व्यवहारात होती. आधुनिक कलाशिक्षणाने पहिल्या दोहोंस नवे सामर्थ्य दिले, परंतु तिसरे वेगळे काढले. आज चित्रकथा, सचेतपट वा पात्ररेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आकृती ताठर का दिसते हा जो प्रश्न पडतो, त्याचे मूळ या विभागणीत शोधता येईल.

यातून संशोधकांवर एक कर्तव्यही येते. सिन्नरच्या आकृतींची नोंद आजवर बहुधा देवतानामांनी व समोरून घेतलेल्या छायाचित्रांनी झाली आहे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात ओळंब्याची रेषा व देहाचे वळण पुरेसे कळत नाही. प्रत्येक आकृतीचे बाजूने निरीक्षण, ब्रह्मसूत्रासह रेखाटन, आणि नृत्य जाणणाऱ्या अभ्यासकाच्या साहाय्याने तिच्या आधीच्या व नंतरच्या हालचालीचा विचार अशी त्रिविध नोंद झाली, तर मंदिर हे केवळ यादवांच्या ऐश्वर्याचे स्मारक न राहता एका लुप्त झालेल्या शिक्षणक्रमाचे दप्तर ठरेल. पाषाण झिजतो आहे; चेहऱ्यांमागोमाग बाह्यरेषाही पुसट होतील. ही नोंद इतिहास, चित्रकला व नृत्य या तीन विभागांनी एकत्र येऊन करावयाची आहे, कारण ज्यांनी या आकृती घडविल्या त्यांच्यापाशी हे तीन विभाग वेगळे नव्हते.